समान होडी, असमान किनारा : मुंबई बंदरातील शिडांच्या शर्यतींचा एक सामाजिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कुस्ती, मल्लखांब, कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट या खेळांभोवती फिरत आलेले दिसते. शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचा, म्हणजेच ज्याला इंग्रजीच्या वळणाने 'यॉटिंग' किंवा 'सेलिंग' म्हटले जाते त्या खेळाचा, या लेखनात क्वचितच उल्लेख येतो. वास्तविक हा खेळ मुंबईत बराच जुना आहे. १८४६ साली स्थापन झालेल्या बॉम्बे यॉट क्लबला १८७६ मध्ये 'रॉयल' ही उपाधी मिळाली. ज्या 'अमेरिका' चषकाला जगात या खेळाचा मानबिंदू समजतात, त्याची पहिली शर्यत १८५१ ची आहे. म्हणजे मुंबईचा क्लब त्या चषकाहूनही वयाने थोरला ठरतो.

बुलडाण्यासारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जिल्ह्यातील इतिहासाच्या अध्यापकाने हा विषय का हाती घ्यावा, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान आमच्याच जिल्ह्यात. दरवर्षी १२ जानेवारीला तेथे जमणाऱ्या जनसागरासमोर शिवरायांच्या आरमाराचा उल्लेख अभिमानाने होतो. परंतु आरमार म्हणजे किल्ल्यांची व जहाजांची नावे एवढाच त्या उल्लेखाचा आशय उरला आहे. शीड, वारा आणि भरती यांचे ज्ञान कोणाच्या हाती होते, ते पुढे कोणाच्या हातून गेले आणि त्याचा खेळ झाल्यावर त्या खेळात कोणाला प्रवेश मिळाला, हे प्रश्न आपण विचारीत नाही. प्रस्तुत लेखात मुंबई बंदरातील शर्यतींच्या अनुषंगाने हे प्रश्न मांडण्याचा प्रयत्न केला आहे. या खेळाने होड्या सारख्या केल्या, किनारा मात्र सारखा केला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

वारा, भरती आणि हंगाम

युरोपात शिडांच्या शर्यतींचा हंगाम म्हणजे उन्हाळा. जून ते ऑगस्ट या काळात तेथील बंदरे शिडांनी पांढरी होतात. मुंबईत नेमके उलटे घडते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नैर्ऋत्य मोसमी वारे आले की समुद्र खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. कोळीवाड्यांत त्या शाकारून ठेवण्याची पद्धत होती. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच दर्या पुन्हा मोकळा होतो. क्लबांचा हंगामही याच पंचांगाला बांधलेला आहे. पावसाळा सरल्यावर तो सुरू होतो आणि मे महिन्यात आटोपतो. साहेबाने आपली घटना, आपले चषक व आपला पोशाख आणला असेल. पण शर्यतीचे वेळापत्रक त्याला कोळ्यांचेच घ्यावे लागले.

शालेय भूगोलात आपण सर्वांनी खारे वारे व मतलई वारे वाचलेले असतात. मुंबई बंदरात तो धडा रोज प्रत्यक्ष घडतो. रात्री जमीन लवकर निवते, त्यामुळे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून, बहुधा वायव्येच्या बाजूने, खारा वारा सुरू होतो. जमीन जितकी तापते तितका हा वारा जोर धरतो. म्हणून एप्रिल-मे मधील दुपार ही शिडांच्या शर्यतीची खरी वेळ होय. ज्या दुपारी विदर्भात माणूस दार लावून घरात बसतो, त्याच दुपारी बंदरात सर्वांत चांगला वारा असतो. या दोन वाऱ्यांच्या मध्ये एक निवांत काळ येतो. शीड लोंबकळते, होडी जागची हलत नाही आणि शर्यत चालवणाऱ्या पंचांना वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नाही.

दुसरा घटक भरती-ओहोटीचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या दिवशी मुंबईत पाण्याची पातळी चार ते पाच मीटरपर्यंत चढते-उतरते. एवढे पाणी बंदराच्या तोंडातून दिवसातून दोनदा आत येते व दोनदा बाहेर जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस आले की हा ओढा मंदावतो. वारा मंद आणि ओहोटी जोराची असेल, तर होडी पुढे जात असल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात ती मागे सरकत असते. अशा वेळी उथळ पाण्याच्या कडेने जावे, कारण तेथे प्रवाह क्षीण असतो, हे ज्याला कळते तो जिंकतो. कोणत्या घटकेला पाणी फिरेल, कोणत्या खडकामागे उलटा प्रवाह मिळेल, ढगाच्या रंगावरून वारा कोणत्या बाजूला वळेल, हे ज्ञान बंदराबंदराचे वेगळे असते. ते पुस्तकात असत नाही.

ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक वाटते. शिडाची होडी वाऱ्याच्या उगमाकडे सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन राखून, एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे वळत, नागमोडी मार्गानेच तिला वर चढावे लागते. म्हणून शर्यतीचा पहिला टप्पा मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर आखतात. तेथे कौशल्याचा कस लागतो. आरंभाची रेषा म्हणजे पंचांची होडी आणि एक तरंगती खूण यांच्यामधील पाण्यावरची अदृश्य ओळ. आरंभापूर्वी पाच मिनिटे पहिला संकेत होतो. होड्या जागेवर थांबू शकत नाहीत, त्यामुळे ही पाच मिनिटे सारा ताफा रेषेच्या मागे घिरट्या घालतो आणि शेवटच्या क्षणी पूर्ण वेगाने रेषा ओलांडण्याचा यत्न करतो. क्षणभर आधी ओलांडली तर परत फिरावे लागते. दोन होड्या समोरासमोर आल्यास जिच्या उजव्या बाजूने वारा येतो तिला मार्गाचा हक्क असतो. यातील लक्षणीय बाब अशी की सामान्यतः प्रत्येक होडीजवळ शिट्टी वाजवणारा पंच नसतो. नियम मोडणाऱ्याने स्वतःच आपली होडी गोल फिरवून शिक्षा भोगावी, अशी प्रथा आहे. दुसऱ्याला तक्रार असेल तर ती किनाऱ्यावर आल्यावर ऐकली जाते.

क्लब आणि टंडेल

ज्या पाण्यावर पुढे क्लबांच्या शर्यती झाल्या, त्याच पाण्याच्या दक्षिण मुखाशी खांदेरी बेट आहे. ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस मायनाक भंडारी यांनी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथे तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला उभा राहणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी जहाजे पाठवून बेटाची कोंडी केली. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी झालेल्या लढाईत इंग्रजांची 'डव्ह' ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. कॅप्टन केग्विनच्या 'रिव्हेंज' जहाजाने आपला बचाव केला, परंतु कोंडी काही यशस्वी झाली नाही. मराठ्यांच्या हलक्या, उथळ बुडाच्या होड्या रात्रीच्या वेळी जड जहाजांना चुकवून बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या. १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी माघार घेतली. तोफांच्या बळात इंग्रज सरस होते. वारा व भरती यांच्या जाणकारीत भंडारी, कोळी व दर्यावर्दी मुसलमान सरस होते. खांदेरीचा इतिहास शिकवताना या दुसऱ्या गोष्टीवर आपण पुरेसा भर देत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

खांदेरीनंतर एकशे सदुसष्ट वर्षांनी क्लब स्थापन झाला तेव्हा परिस्थिती पालटलेली होती. पेशवाई संपली होती, आंग्र्यांचे संस्थानही १८४० मध्ये कंपनीने खालसा केले होते. बंदर आता निर्विवादपणे इंग्रजांचे होते आणि म्हणूनच त्यावर खेळ मांडता येत होता. येथे मुंबईच्या गोदीचाही उल्लेख केला पाहिजे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने सागवानी जहाजबांधणीची परंपरा उभारली. १८१७ साली मुंबईत बांधलेले 'त्रिंकोमाली' हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. जहाज बांधणारे पारशी, ते चालवणारे कोकणी खलाशी आणि ते ज्यांच्या नावावर ते इंग्रज, अशी ही श्रमविभागणी होती. क्लबाने ती तशीच उचलली.

अपोलो बंदरावरील क्लबची इमारत, सदस्यांच्या निवासासाठी १८९६ मध्ये पूर्ण झालेली देखणी वास्तू, हिरवळ आणि समोर नांगरलेल्या होड्या, हे चित्र वसाहतकालीन मुंबईच्या वर्णनांत वारंवार येते. त्या हिरवळीवर सदस्य म्हणून भारतीयांना स्थान नव्हते. स्वातंत्र्यापूर्वी हा क्लब युरोपियनांपुरताच राहिला. मात्र होड्यांवर भारतीय होतेच. होड्यांची राखण, डागडुजी, शिडांची निगा, नांगर टाकणे-उचलणे ही सारी कामे पगारी टंडेल व खलाशी करीत. टंडेल म्हणजे खलाशांचा म्होरक्या. कोळीवाड्यांत आजही हे आडनाव म्हणून टिकून आहे.

येथे साधनांचा प्रश्न उपस्थित होतो. क्रीडा-इतिहासाचे लेखन चषक, छायाचित्रे, क्लबांची इतिवृत्ते व वृत्तपत्रांतील निकाल यांवर उभे राहते. चषकावर सामान्यतः होडीचे व तिच्या मालकाचे नाव कोरले जाते. ओहोटी केव्हा फिरेल हे मालकाच्या कानात सांगणाऱ्या माणसाचे नाव कोरण्याची पद्धत नाही. त्यामुळे कागदांवर विसंबून लिहिलेला इतिहास हा आपोआपच होडीमालकांचा इतिहास होतो. ग्रामीण इतिहासात कुळाचे नाव सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात तरी सापडते. टंडेलाला तेवढाही रकाना मिळालेला नाही.

वस्तुतः शर्यत कोळ्यांना अपरिचित नव्हती. मतलई वाऱ्याने पहाटे बाहेर जाणे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्याने परतणे हा शिडाच्या काळातील मासेमारीचा नित्यक्रम. बर्फ दुर्मीळ असलेल्या त्या काळात जो आधी बंदराला लागेल त्याच्या मासळीला भाव, हा साधा हिशेब होता. तिरप्या परबाणाला बांधलेले मोठे त्रिकोणी शीड घेऊन परतणारा मचव्यांचा ताफा रोजच एक शर्यत खेळत असे. तिचा चषक संध्याकाळच्या भाकरीत होता.

एकसमान होडीची कल्पना

एकोणिसाव्या शतकातील युरोपात या खेळाला एक जडलेली व्याधी म्हणजे पैसा. ज्याची होडी लांब, ज्याचे शीड मोठे, तो जिंकणार. दरवर्षी नवी, अधिक वेगवान होडी बांधण्याची ऐपत नसलेला माणूस कितीही कुशल असला तरी हरणार. यावर १८८७ मध्ये आयर्लंडमधील डब्लिन येथे तोडगा निघाला. 'वॉटर वॅग' नावाच्या होड्यांचा एक वर्ग ठरवण्यात आला. सर्वांच्या होड्या एकाच आराखड्याच्या, शिडे एकाच मापाची. जिंकायचे ते केवळ कौशल्याने. ही 'वन डिझाइन' म्हणजे एकसमान होडीची कल्पना पुढे जगभर पसरली. रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या ताफ्यातील समुद्रपक्ष्यांची नावे धारण करणारा 'सीबर्ड' वर्ग हे तिचे मुंबईतील ठळक उदाहरण होय.

क्रीडेच्या तत्त्वज्ञानात ही कल्पना अत्यंत समतावादी आहे. तिने मालकाच्या तिजोरीला शर्यतीबाहेर ठेवले. परंतु मुंबईत ही समता ज्यांच्यासाठी होती ते सारे आधीच एका दाराने आत आलेले होते, आणि ते दार वर्णाचे होते. होडीच्या शिडाचे माप फूट-इंचात तपासणारी समिती होती. किनाऱ्यावर पाऊल कोणी ठेवायचे याचे माप मात्र कातडीच्या रंगावरून घेतले जात होते. समान नियम आणि असमान प्रवेश हे एकाच संस्थेत इतक्या स्वच्छपणे एकत्र नांदलेले उदाहरण क्रीडा-इतिहासात विरळा. क्रिकेटमध्ये निदान मैदानाच्या पलीकडील बाजूस हिंदू, पारशी व मुसलमान जिमखान्यांचे संघ उभे होते. पळवणकर बाळू यांना आपल्याच संघात जातीचा जाच सोसावा लागला. तरी चेंडू त्यांच्या हाती होता आणि धावफलकावर त्यांचे नाव होते. शिडांच्या शर्यतीत टंडेल होडीवर असूनही प्रतिस्पर्धी नव्हता.

शिडे उतरली, दारे उघडली

स्वातंत्र्यानंतर क्लबांची दारे भारतीयांना खुली झाली. याच दशकांत आणखी एक बदल घडत होता. त्याची सांगड या घटनेशी सहसा घातली जात नाही. कोळ्यांच्या होड्यांवर यंत्रे बसू लागली. सहकारी संस्था, शासकीय कर्जे व अनुदाने यांच्या आधाराने मासेमारीचे यांत्रिकीकरण झाले आणि व्यवसायातून शीड हळूहळू हद्दपार झाले. हे योग्यच होते. वाऱ्याच्या लहरीवर पोट अवलंबून ठेवण्याचा उपदेश करण्याचा अधिकार किनाऱ्यावर बसलेल्या कोणालाही नाही. मात्र त्याचा एक परिणाम नोंदवला पाहिजे. ज्या समाजाकडे शिडाचे ज्ञान होते त्याच्या हातून ते सुटत असताना, ज्यांच्याकडे ते नव्हते अशा शहरी वर्गाकडे ते छंद म्हणून येत होते. दारे उघडली तेव्हा ज्यांनी आत यावयाचे त्यांची शिडे उतरलेली होती.

जे आत आले ते प्रामुख्याने दोन वाटांनी. एक वाट शहरी, सुशिक्षित, त्यातही पारशी कुटुंबांची, दुसरी सैन्यदलांची. १९७२ च्या म्युनिच ऑलिंपिकमध्ये सोहराब कॉन्ट्रॅक्टर व ए. ए. बासित यांनी 'फ्लाइंग डचमन' प्रकारात भाग घेतला. शिडांच्या शर्यतीतील भारताचा हा पहिला ऑलिंपिक सहभाग. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधील शिडांच्या शर्यती मुंबईस झाल्या, कारण राजधानीला समुद्र नाही. 'फायरबॉल' प्रकारात फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक पटकावले. घरचे पाणी व ओळखीचा वारा यांचा लाभ त्यांना झाला असणारच. पण पुढे तारापोर यांनी लॉस एंजेलिस, सोल व बार्सिलोना अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत भाग घेतला. म्हणजे ते यश केवळ घरच्या पाण्याचे नव्हते. नौदलाचे होमी मोतीवाला व पुष्पेंद्रकुमार गर्ग यांना १९९३-९४ चा राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार संयुक्तपणे मिळाला. देशातील सर्वोच्च क्रीडा-पुरस्कार या खेळाला मिळाल्याची ही घटना आपल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एका ओळीत आटोपते.

याच काळात होड्याही स्वस्त होत गेल्या. इंग्लंडमधील जॅक होल्ट यांनी १९५० च्या दशकात आखलेली 'एंटरप्राइज' ही प्लायवुडची दोन माणसांची होडी भारतात विशेष रुजली. लहान मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' ही पेटीसारखी होडी १९४७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा येथे क्लार्क मिल्स यांनी तयार केली होती. १९७० च्या दशकारंभी बाजारात आलेली 'लेझर' ही एका माणसाची होडी तर इतकी सुटसुटीत की मोटारीच्या टपावरून नेता येते. प्लायवुड व फायबर यांनी जे केले ते क्लबांच्या घटनांना शंभर वर्षांत करता आले नव्हते. होडी आता बंदराला बांधलेली राहिली नाही. ती तलावावर नेता येऊ लागली.

सैन्यदलांचा वाटा या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. पुण्याजवळील खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र धरणाच्या पाण्यावर शीड हाताळण्यास शिकतात. मुंबईत कुलाबा येथे लष्कराचे यॉटिंग केंद्र आहे. सुभेदार विष्णू सरवणन हे सैनिकाचे पुत्र व स्वतः सैनिक. टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धांत ते खेळले आणि २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळविले. क्लबची वर्गणी ज्यांना परवडली नसती अशा घरांतील तरुणांना सैन्याने होडी दिली. अर्थात त्यासाठी आधी सैन्यात भरती व्हावे लागते, हेही तितकेच खरे.

गोड्या पाण्यावरची शर्यत

हांगझोऊच्या त्याच स्पर्धेत मुलींच्या 'आयएलसीए ४' प्रकारात, म्हणजे पूर्वीच्या लेझरच्याच लहान शिडाच्या रूपात, नेहा ठाकूर हिने रौप्यपदक मिळविले. ती मध्यप्रदेशातील देवास जिल्ह्यातील अमलाताज या गावच्या शेतकऱ्याची मुलगी. तिने शीड हाताळण्यास शिकून घेतले ते भोपाळच्या मोठ्या तलावावर, शासकीय प्रशिक्षण संस्थेत. या खेळाची गुणपद्धती समजून घेतल्यास तिच्या यशाचे स्वरूप नीट ध्यानात येते. पहिल्या क्रमांकास एक गुण, दुसऱ्यास दोन, अशी मोजणी होते. ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजयी. शर्यत एक नसते, अनेक दिवस अनेक शर्यती होतात आणि सर्वांत वाईट शर्यतीचे गुण वगळले जातात. नेहाच्या अकरा शर्यतींचे एकूण गुण ३२ झाले. पैकी पाच वगळून निव्वळ २७ राहिले. म्हणजे तिच्या सर्वांत वाईट शर्यतीतही ती पाचव्या क्रमांकावर होती. एखाद्या दिवशीच्या नशिबाने असे घडत नाही. या पदकाला अपवाद म्हणावे तर २०१८ मध्ये जाकार्ता येथे कांस्यपदक मिळविणारी हर्षिता तोमर ही देखील भोपाळच्याच तलावावर तयार झालेली होती.

हैदराबादच्या हुसेनसागरावरही असेच घडते आहे. तेथे जुलै महिन्यात स्पर्धा होतात. मुंबईचा समुद्र बंद असतो तेव्हा तलावावर वारा असतो, हे त्यामागील साधे कारण. २००९ मध्ये स्थापन झालेल्या तेथील यॉट क्लबने सामान्य व गरीब घरांतील मुलांना या खेळात आणण्याचा प्रयत्न केला आहे. किनाऱ्याचा इतिहास ज्या राज्याला नाही तेथे हे घडावे आणि आरमाराचा वारसा सांगणाऱ्या राज्याच्या अंतर्गत जिल्ह्यांत शीड दिसू नये, ही विसंगती विचार करावयास लावते. विदर्भात नागपूरला एन.सी.सी.चे नौदल पथक आहे व अंबाझरी तलावावर छात्रांचा सराव होतो. पण हा सराव एन.सी.सी.च्या प्रमाणपत्रापाशी थांबतो, खेळात रूपांतरित होत नाही.

बुलडाणा जिल्ह्यात समुद्र नाही, पण पाणी अगदीच नाही असे नव्हे. देऊळगावराजा तालुक्यातील खडकपूर्णा, मोताळ्याची नळगंगा, पैनगंगेवरील पेनटाकळी, बुलडाणा शहराला पाणी देणारे येळगाव, अशी धरणे आहेत. लोणारचे सरोवर क्षारयुक्त व संरक्षित असल्याने, आणि २०२० पासून रामसर यादीत असल्याने, ते या विचारातून वगळलेलेच बरे. भोपाळ आमच्यापासून परके नाही. जिल्ह्याची उत्तर सीमा मध्यप्रदेशालाच भिडते.

हा मुद्दा निघाल्यावर एक आक्षेप हमखास येतो. ज्या जिल्ह्यात एप्रिल-मे मध्ये गावोगाव टँकर फिरतात, ज्या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात घ्यावे लागते, तेथे पाण्यावर खेळ मांडण्याची भाषा शोभते काय? आक्षेपामागील वेदना खरी आहे, तिची टवाळी करता येणार नाही. तरीही त्यात एक घोटाळा आहे. शीड पाणी वापरत नाही. ते इंधन जाळीत नाही, पाण्यात तेल सोडीत नाही. येथील हंगाम मुंबईसारखा उन्हाळ्यात असणार नाही; उन्हाळ्यात धरणे तळ गाठतात. श्रावणापासून माघापर्यंत, पाणी भरलेले असताना, हा खेळ होऊ शकेल. उरलेल्या काळात होड्या पालथ्या घालून ठेवाव्यात. कोळी पावसाळ्यात ठेवीत, आपण उन्हाळ्यात ठेवू.

प्रस्तुत लेखकास याहून गंभीर वाटणारा प्रश्न वेगळा आहे. धरणाचा काठ कोणाचा? या पाण्याखाली गावे गेली आहेत. त्या गावांतील माणसे काठावरच्या पुनर्वसित वस्त्यांत राहतात. जलाशयात मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो आणि प्रत्यक्ष जाळे टाकणारे बहुतेक भोई समाजाचे असतात. मुंबईत जे एकोणिसाव्या शतकात घडले ते येथे एकविसाव्या शतकात अगदी सहज घडू शकेल. काठावर तारेचे कुंपण येईल, एक फलक लागेल, वर्गणी ठरेल, आतल्या होड्या सर्व एकाच मापाच्या असतील आणि भोई तरुण त्या होड्या धुण्याच्या कामावर लागेल. होडी सरकारी खर्चाने आली तरी हे टळत नाही. पहिल्या वीस मुलांची निवड कोठे होते, तालुक्याच्या क्रीडा-संकुलात की काठावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, यावर सारे अवलंबून आहे. भोपाळच्या संस्थेने देवास जिल्ह्यातील खेड्यातून मुलगी आणली, हा त्या अर्थाने होडीच्या आराखड्याहून मोठा निर्णय होता.

आज खडकपूर्णेसारख्या जलाशयांवर पहाटे जे दिसते त्याचे वर्णन येथे अप्रस्तुत ठरू नये. थर्माकोलचे जाड तुकडे दोरीने एकत्र बांधून केलेला तराफा, त्यावर मांडी घालून बसलेला माणूस, हातात पाट्यासारखे लहानसे वल्हे आणि मांडीवर जाळ्याचा गुंडाळा. वारा समोरून असेल तर तो सरळ पुढे जाण्याचा यत्न करीत नाही. थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, असा तिरपा चढत तो आपल्या जाळ्याच्या खुणेपर्यंत पोहोचतो.